महासंकटानंतरचे अंक

‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकांच्या मालिकेतील आठव्या अंकात फ्लॅश हा अतिवेगाने धावणारा सुपरहिरो मरतो. साल १९८५. फ्लॅश, म्हणजे बॅरी ॲलन हा पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणारा, वेळेवर कधीच न पोहोचणारा, सौम्य स्वभावाचा माणूस १९५६ पासून डीसी कॉमिक्सच्या पानांवर धावत होता. अँटी-मॉनिटर नावाच्या विश्वभक्षकाने पृथ्वीवर रोखलेली प्रतिद्रव्याची तोफ निकामी करण्यासाठी तो तिच्या ऊर्जाप्रवाहाच्या उलट दिशेने धावू लागतो. धावता धावता त्याचे शरीर झिजत जाते, चेहरा वृद्ध होतो, कातडी हाडांना चिकटते आणि शेवटी चौकटीत उरतो तो रिकामा लाल पोशाख. कथा मार्व्ह वुल्फमन यांची, चित्रे जॉर्ज पेरेझ यांची. गर्दीची भव्य दृश्ये काढण्यासाठी ख्यातनाम असलेल्या पेरेझ यांनी इथे मात्र एकट्या माणसाचे संपत जाणे रेखाटले आहे. त्याला निरोप द्यायला जवळ मित्र नाही, शिष्य नाही. असतो तो सायको-पायरेट, भावनांशी खेळणारा एक भेदरलेला खलनायक.

ही पाने मी अनेकदा वाचली आहेत आणि दर वेळी ती मला तितकीच हलवतात. तरीही या मृत्यूला जे वजन आले ते या पानांमुळे आले, असे मला वाटत नाही. सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये उत्तम रेखाटलेले मृत्यू पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक दोन-तीन वर्षांत पुसले गेले. बॅरीचा मृत्यू टिकला, कारण त्याच्यामागे एक माणूस उरला होता आणि त्या माणसाचे दुःख पुढच्या लेखकांनी महिन्यामागून महिना, वर्षामागून वर्ष सांभाळले. क्रॉसओव्हर इव्हेंटचा पात्रांवर होणारा खरा परिणाम इव्हेंटमध्ये शोधू नये, तो नंतरच्या साध्या मासिक अंकांत शोधावा, हे माझे मत या एका उदाहरणातून घडले आहे.

ज्यांना या व्यवहाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकन कॉमिक्समध्ये प्रत्येक नायकाची आपापली मासिक मालिका असते आणि एकाच प्रकाशकाचे नायक एकाच जगात राहतात. क्रॉसओव्हर म्हणजे त्या सर्वांना एका महासंकटात ओढणारी वेगळी मालिका. तिचे धागे मग मासिक अंकांत पसरतात आणि त्या अंकांना टाय-इन म्हणतात. आजच्या अर्थाने या प्रकाराची सुरुवात १९८४-८५ मध्ये झाली. मार्व्हलची ‘सीक्रेट वॉर्स’ जिम शूटर यांनी लिहिली. मॅटेल या कंपनीच्या खेळण्यांना जोड म्हणून ती निघाली होती. स्पायडर-मॅनला त्यात मिळालेला काळा पोशाख पुढे १९८८ मध्ये ‘व्हेनम’ हा खलनायक होऊन उभा राहिला, हे तिचे सर्वांत दीर्घायुषी फळ. डीसीची ‘क्रायसिस’ वेगळ्या गरजेतून आली. १९६१ मध्ये फ्लॅशच्याच एका अंकात दुसरी पृथ्वी दाखवली गेली होती. पुढच्या चोवीस वर्षांत पृथ्वींची संख्या इतकी वाढली की, कोणता नायक कोणत्या जगातला हे नव्या वाचकाला समजेना. वुल्फमन आणि पेरेझ यांना अनंत विश्वांचे एक विश्व करायचे होते.

या रचनेत एक अन्याय जन्मतःच असतो. महासंकटाचा लेखक एखाद्या पात्राला चार पानांसाठी हाती घेतो, त्याच्यावर आयुष्यभराची जखम करतो आणि पुढच्या दृश्याकडे वळतो. त्या जखमेचे काय करायचे, हे पात्राच्या मासिक मालिकेचा लेखक ठरवतो. त्याने ती जखम मागितलेली नसते. काही लेखक तिच्याकडे दुर्लक्ष करतात, काही घाईने तिच्यावर पट्टी बांधतात. क्वचित एखादा लेखक मात्र तिच्यापाशी बसून राहतो.

वॉली वेस्ट हा बॅरीची पत्नी आयरिस हिचा भाचा. लहानपणी तो काकांच्या प्रयोगशाळेत गेला असताना बॅरीला झाला होता तसाच विजेचा आणि रसायनांचा अपघात त्यालाही झाला आणि तो किड फ्लॅश झाला. पुढे ‘टीन टायटन्स’ या तरुण नायकांच्या मालिकेत वुल्फमन आणि पेरेझ यांनीच त्याला वाढवले. ‘क्रायसिस’च्या वेळी त्याला एका आजाराने घेरलेले असते. प्रत्येक धाव त्याला मृत्यूच्या जवळ नेत असल्यामुळे त्याने धावणे जवळजवळ सोडलेले असते. बॅरी मरतो तेव्हा तो तिथे नसतो. अखेरच्या लढाईत अँटी-मॉनिटरच्या प्रहाराने त्याचा आजार नाहीसा होतो, परंतु वेगही घटतो. प्रकाशाशी स्पर्धा करणाऱ्या काकांचा हा वारस आता जेमतेम ध्वनीच्या वेगाने धावू शकतो. बाराव्या अंकाच्या शेवटी तो बॅरीचा पोशाख अंगावर चढवतो. खांदे त्याचे, चिन्ह मात्र दुसऱ्याचे.

१९८७ मध्ये वॉलीची स्वतंत्र मालिका सुरू झाली, तेव्हा लेखक माइक बॅरन यांनी त्याला शोकमग्न, धीरगंभीर वारस केले नाही, ही मला त्यांची मोठी समज वाटते. हा वॉली वीस वर्षांचा, उधळ्या आणि थोडा आत्मकेंद्री मुलगा आहे. पहिल्याच अंकात प्रत्यारोपणासाठी एक हृदय देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचवायचे असते, तेव्हा तो आपल्या औषधपाण्याच्या खर्चाची तरतूद त्या बदल्यात मागतो. त्याला लॉटरी लागते आणि तो ते पैसे उडवतो. धावल्यावर त्याला प्रचंड भूक लागते, झोप येते. काकांच्या जागी उभे राहिलेल्या या मुलाकडे पाहून तेव्हाच्या अनेक वाचकांना तो आवडणे कठीणच गेले असणार. मला मात्र त्याच्या वागण्यात दुःखाचे एक ओळखीचे रूप दिसते. ज्याच्यासारखे होणे अशक्य आहे, त्याच्यासारखे होण्याचा प्रयत्नच करायचा नाही, म्हणजे अपयशाचा प्रश्न उरत नाही. घरातले कर्ते माणूस अकाली गेल्यावर त्याच्या खुर्चीकडे न पाहता घरात वावरणारी मुले आपण पाहिलेली असतात.

बॅरन यांच्यानंतर विल्यम मेसनर-लोब्ज यांनी वॉलीला हळूहळू माणसांत आणले. जुन्या शत्रूंपैकी काहींना त्याचे मित्र केले आणि वार्ताहर लिंडा पार्क हिची भेट घडवली. १९९२ मध्ये मालिका मार्क वेड यांच्याकडे आली. पुढच्या वर्षी ७४ ते ७९ या अंकांत त्यांनी बॅरी ॲलनला परत आणले, आणि मला वाटते, ‘क्रायसिस’चा आठवा अंक खऱ्या अर्थाने इथे पूर्ण होतो.

दारात बॅरी उभा असतो. वॉलीला वाटते की आता आपले ओझे उतरले. काही दिवस तो पुन्हा भाचा होतो, पुन्हा मागे धावणारा मुलगा होतो. मग परत आलेल्या काकांच्या वागण्यात मत्सर डोकावू लागतो, लोक दुसऱ्या फ्लॅशचे नाव घेतात याचा त्यांना संताप येतो आणि एका प्रसंगी ते वॉलीला मरण्यासाठी सोडून जातात. हा बॅरी नव्हेच, बॅरीच्या रूपात वेडावलेला त्याचा जुना शत्रू इओबार्ड थॉन आहे, हे उघड होईपर्यंत वॉलीचे आतून पार तुकडे झालेले असतात. त्या शत्रूला हरवायचे तर त्याच्याइतके वेगवान व्हावे लागणार, आणि इथे वेड यांनी आठ वर्षांपूर्वीच्या त्या शारीरिक अडचणीला एक मानसिक अर्थ दिला. वॉलीचा वेग केवळ अँटी-मॉनिटरच्या प्रहाराने कमी राहिला नव्हता. तो वॉलीनेच स्वतःवर घातलेला बांध होता. आपण बॅरीइतके वेगवान झालो तर बॅरीची जागा खरोखरच भरली जाईल आणि मग बॅरी खरोखरच गेलेला असेल, या भीतीने तो स्वतःला मागे खेचत होता. खोट्या बॅरीने खऱ्या बॅरीची आठवण मलिन करण्याची भीती त्याहून मोठी ठरते, तेव्हा तो बांध फुटतो.

एका लेखकाने कथेच्या सोयीसाठी केलेली वेगमर्यादा दुसऱ्याने शोकाची शारीरिक खूण म्हणून वाचली. वुल्फमन यांनी ती मर्यादा घातली तेव्हा त्यांच्या मनात हा अर्थ असल्याचे त्या पानांवर कुठेच दिसत नाही. अनेक हातांनी लिहिल्या जाणाऱ्या या माध्यमातच असा अर्थ जन्माला येऊ शकतो. एकट्या लेखकाची कादंबरी आठ वर्षे थांबून स्वतःच्याच एका तांत्रिक तपशिलाकडे परक्या नजरेने पाहू शकत नाही.

हे सारे आम्ही भारतात क्रमाने वाचले असे नव्हे. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या परिसरातील पदपथांवर आणि इतर शहरांतील रद्दीच्या दुकानांत अमेरिकन कॉमिक्स जसे येत तसे आमच्या हाती पडत. बारापैकी तिसरा आणि नववा अंक मिळे, मधले कधीच मिळत नसत. टाय-इन हाती येई आणि मूळ मालिका दृष्टीलाही पडत नसे. माझ्या बाबतीत या तुटकपणाचा एक विचित्र फायदा झाला. महासंकट न वाचताच त्याचे परिणाम वाचण्याची सवय लागली. एखाद्या अंकात नायकाचे घर उद्ध्वस्त झालेले असे, एखाद्या पात्राचे नाव कुणी घेत नसे, एखाद्याच्या खोलीत कुणाचा तरी फोटो दिसे, आणि काय घडले असेल हे त्या माणसांच्या वागण्यावरून ओळखावे लागे. कुणी काहीच गमावलेले दिसत नसेल तर ते संकट मोठे नव्हते, मग मुखपृष्ठावर कितीही ग्रह फुटोत.

महाभारताच्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. अठरा पर्वांपैकी युद्ध मुख्यतः भीष्मपर्वापासून सौप्तिकपर्वापर्यंत चालते आणि त्यानंतर तब्बल आठ पर्वे उरतात. स्त्रीपर्वात गांधारी रणांगण पाहते, शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिराला राज्य नकोसे होते, आश्रमवासिकपर्वात म्हातारा धृतराष्ट्र ज्यांनी आपली मुले मारली त्यांच्याच घरी जेवतो. कॉमिक्सचे संपादक या उत्तरार्धासाठी बहुधा थांबत नाहीत, कारण पुढच्या उन्हाळ्याचे युद्ध आधीच ठरलेले असते. जे लेखक थांबतात त्यांचे काम म्हणूनच मला मोलाचे वाटते.

‘क्रायसिस’मधला दुसरा मोठा मृत्यू सुपरगर्लचा. बॅरीच्या आदल्याच अंकात, म्हणजे सातव्यात, सुपरमॅनला वाचवताना कारा झोर-एल मरते. तिला कवेत घेऊन आक्रोश करणाऱ्या सुपरमॅनचे मुखपृष्ठ आजही या प्रकारातल्या सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एक आहे. पण तिच्या वाट्याला वॉली आला नाही. विश्वांची एकत्र घडी बसताना इतिहास नव्याने लिहिला गेला आणि १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा पहिल्यापासून सांगितली, तेव्हा क्रिप्टॉनचा तोच एकमेव वाचलेला जीव ठरला. त्यामुळे कारा मेली असे म्हणण्यालाही अर्थ उरला नाही. ती कधी नव्हतीच. ज्याच्यासाठी तिने प्राण दिले त्याला तिचे नावही ठाऊक नाही. १९५९ पासून सव्वीस वर्षे वाचकांनी जिच्यासोबत घालवली, तिच्यासाठी कथेतले कुणी एक दिवसही सुतक पाळू शकत नव्हते.

या पोकळीला उत्तर देणारी एक लहानशी कथा १९८९ च्या नाताळ विशेषांकात आली. ॲलन ब्रेनर्ट यांनी ती लिहिली आणि डिक जिओर्दानो यांनी चित्रे काढली. नायक आहे डेडमॅन, म्हणजे एक भटकता आत्मा. तो लोकांच्या शरीरात शिरून चांगली कामे करतो, पण त्या कामांचे श्रेय त्याला कधी मिळत नाही. नाताळात तो कंटाळून, कडवट होऊन बसलेला असताना एक सोनेरी केसांची मुलगी त्याच्याशी बोलते. इतरांना न दिसणारा तो तिला दिसतो. ती त्याला सांगते, आपण जे करतो ते कुणी आठवावे म्हणून करत नाही, ते करणे आवश्यक असते म्हणून करतो. निघताना तो तिचे नाव विचारतो. ती कारा असे सांगते आणि हे नाव त्याला काही सांगणार नाही, असेही म्हणते. कथेत सुपरगर्ल हा शब्द येत नाही. संपादकीय निर्णयाने जिचे अस्तित्वच रद्द केले होते, तिला एका लेखकाने विस्मृतीच्याच वाटेने परत आणले आणि तिच्या पुसले जाण्याला तिच्या स्वभावाचा भाग केले. इव्हेंटने तिच्यावर जे लादले होते, ते इथे तिचे झाले. २००४ मध्ये कारा अधिकृतपणे परतली, तिची नवी मालिका आली, पण त्या परतण्यातले एकही पान मला या कथेइतके तिचे वाटले नाही.

मार्व्हलच्या बाजूने पाहिले तर २००६-०७ ची ‘सिव्हिल वॉर’ ही मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांची मालिका या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. सरकारकडे नोंदणी करण्याच्या कायद्यावरून नायकांत फूट पडते आणि दुसऱ्या अंकात स्पायडर-मॅन, म्हणजे पीटर पार्कर, पत्रकारांसमोर मुखवटा काढतो. चार दशकांहून अधिक काळ जपलेले गुपित एका चौकटीत संपते. याचे परिणाम सुरुवातीला खरेच तपासले गेले. गोळी पीटरसाठी असते आणि लागते मे काकूंना. पण ते ओझे कायम वाहणे प्रकाशकांना परवडणारे नव्हते. २००७ च्या शेवटी ‘वन मोअर डे’मध्ये काकूंच्या प्राणांच्या मोबदल्यात पीटर आणि मेरी जेन आपला विवाह मेफिस्टो या सैतानाला देऊन टाकतात, जगाच्या स्मृतीतून गुपितही पुन्हा झाकले जाते. १९८७ मध्ये झालेले ते लग्न वाचकांसमोर वीस वर्षे वाढले होते. म्हणजे मुखवटा काढण्याचा परिणाम पुसण्यासाठी त्याहून कितीतरी मोठी गोष्ट खर्ची पडली. पीटरसारख्या माणसाने, ज्याचे सारे चरित्र जबाबदारी स्वीकारण्यावर उभे आहे, परिणामांतून सुटण्यासाठी सैतानाशी व्यवहार करावा, हे मला आजही मान्य करता येत नाही. मुखवटा परत आला, पण त्याखालचा माणूस मला पूर्वीचा वाटेना.

त्याच मालिकेतून एक कमी चर्चेचे उदाहरण घडले. स्टॅमफर्ड शहरात ज्या स्फोटाने शेकडो माणसे मरतात आणि युद्धाची ठिणगी पडते, त्या स्फोटातून स्पीडबॉल हा हसतमुख, रबरी चेंडूसारखा उसळणारा पोरगा जिवंत बाहेर येतो. अपराधाच्या भावनेने तो स्वतःसाठी आतल्या बाजूने काटे असलेला पोशाख घडवून घेतो आणि ‘पेनन्स’ हे नाव धारण करतो. वाचकांनी हा बदल फार गांभीर्याने घेतला नाही, आणि स्टीव्ह डिटको यांच्या खेळकर पात्राला ते लोखंडी कवच शोभत नव्हते हेही खरे. तरी मला त्यामागची भावना प्रामाणिक वाटते. ज्याच्या हातून घडले तोच विसरायला नकार देतो, ही गोष्ट या माध्यमात फार विरळ आहे.

कारण अपराध पुसण्याची एक ठरलेली रीत इथे आहे. १९९३ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूनंतरच्या मोठ्या कथेत डीसीचा नायक ग्रीन लँटर्न, म्हणजे हॅल जॉर्डन, याचे कोस्ट सिटी हे शहर बेचिराख झाले. सत्तर लाख माणसे गेली. दुसऱ्याच्या कथेत घडलेला हा विनाश हॅलच्या मालिकेत येऊन त्याला वेडा करतो. शहर पुन्हा उभे करण्याच्या हट्टापायी तो आपल्याच सोबत्यांवर तुटून पडतो आणि खलनायक होतो. १९९४ च्या ‘झिरो अवर’मध्ये तो काळच नव्याने रचू पाहतो, आणि १९९६ मध्ये विझत चाललेला सूर्य पुन्हा पेटवून प्राण देतो. दुःखाने चांगला माणूस कुठवर जाऊ शकतो याची ही सलग, भयंकर कहाणी होती. मग २००४-०५ मध्ये जेफ जॉन्स यांनी हॅलला परत आणताना सांगितले की, ते सारे त्याच्या मनात शिरलेल्या पॅरालॅक्स नावाच्या भीतीच्या राक्षसाचे काम होते. मार्व्हलच्या ‘हाउस ऑफ एम’मध्ये तीन शब्दांनी जवळजवळ सगळ्या म्युटंटांच्या, म्हणजे जन्मतः विशेष शक्ती असलेल्यांच्या, शक्ती काढून घेणारी जादूगार वांडा हिच्या बाबतीतही काही वर्षांनी डॉक्टर डूम या खलनायकाने अपराधाचा मोठा वाटा स्वतःकडे घेतला. तिच्या बाबतीत मात्र इतर पात्रांनी विसरायला नकार दिला. २०१९ नंतर क्राकोआ बेटावर वसलेले म्युटंट तिचे नाव आपल्या मुलांना शत्रू म्हणून शिकवतात, आणि तिला स्वतःच त्यांच्यासाठी काही करून ते नाव धुऊन काढावे लागते. अपराध दुसऱ्याच्या नावावर टाकला तरी ज्यांचे नुकसान झाले त्यांची स्मृती जागी ठेवली, तर कथा जिवंत राहू शकते, हे त्यातून दिसते. हॅलच्या बाबतीत ते झाले नाही असे मी म्हणेन. कोस्ट सिटी पुन्हा वसली, पण ती जाण्याचा अर्थ त्या राक्षसाबरोबर निघून गेला.

वॉलीवर हीच वेळ आली तेव्हा माझे मत इतके सरळ राहिले नाही. २००८ मध्ये ग्रँट मॉरिसन यांच्या ‘फायनल क्रायसिस’मधून बॅरी परत आला, या वेळी खरोखरचा. तेवीस वर्षे टिकलेला तो मृत्यू संपला आणि ज्या शोकातून वॉली घडला होता त्याचा पायाच निघाला. दोघांना एकत्र ठेवून काही उत्तम लिहिता आले असते. तसे फारसे घडले नाही. २०११ मध्ये ‘फ्लॅशपॉइंट’नंतर डीसीने आपले विश्व पुन्हा नव्याने सुरू केले आणि त्यात वॉली, लिंडा आणि त्यांची जुळी मुले आढळली नाहीत. जे १९८६ मध्ये काराच्या वाट्याला आले होते, तेच आता तिच्यासोबत त्या महासंकटात लढलेल्या मुलाच्या वाट्याला आले. २०१६ च्या मे महिन्यात ‘डीसी युनिव्हर्स: रीबर्थ’ या अंकात तो परततो. काळाच्या बाहेर अडकलेला वॉली विजेच्या रूपात एकेका परिचिताकडे जातो, कारण कुणीतरी ओळखले तरच तो वाचणार असतो. लिंडा त्याला ओळखत नाही. शेवटी तो बॅरीकडे जातो, ते वाचवण्याची विनंती करायला नव्हे, आभार मानून निरोप घ्यायला. आणि तो विरघळत असताना बॅरीला नाव आठवते, तो हात धरून त्याला बाहेर ओढतो. ‘क्रायसिस’मध्ये बॅरी मरताना वॉली तिथे नव्हता. इथे वॉली मरताना बॅरी तिथे होता. जेफ जॉन्स यांच्या अनेक कथांविषयी माझे आक्षेप आहेत, या पानांविषयी एकही नाही.

दोनच वर्षांनी ‘हीरोज इन क्रायसिस’ आली. मानसिक आघात झालेल्या नायकांसाठी ‘सँक्च्युअरी’ नावाचे उपचारकेंद्र, ही टॉम किंग यांची कल्पना या लेखाच्या विषयाला किती जवळची होती! महासंकटांनी माणसांचे काय होते, हाच प्रश्न तिथे थेट विचारला जाणार होता. पण उत्तर म्हणून हरवलेल्या मुलांसाठी झुरणाऱ्या वॉलीचा ताबा सुटतो, त्याच्या शक्तीच्या स्फोटात तिथले उपचार घेणारे मरतात आणि तो ते लपवण्यासाठी आरोप निरपराधांवर येऊ देतो. शोक वाहायला शिकणे हीच ज्याची तीस वर्षांची कमाई होती, त्यालाच शोकाने खुनी केले. इथे पात्राच्या आत काही उगवले नव्हते. रहस्यकथेला धक्कादायक गुन्हेगार हवा होता आणि तो सर्वांत अनपेक्षित जागेवरून उचलला गेला. मला त्या अंकांचा राग येतो तो वॉली प्रिय आहे म्हणून तर खराच, पण दुःखी माणसाकडे संशयाने पाहायला ते वाचकाला शिकवतात, हे त्याहून अधिक दुखते.

२०२१ मध्ये जेरेमी ॲडम्स यांनी ‘द फ्लॅश’चा ७६८वा अंक लिहायला घेतला, तेव्हा वॉली धावणे कायमचे सोडायला निघालेला होता. त्याच वर्षीच्या वार्षिकांकात उलगडते की, सँक्च्युअरीतला स्फोट वॉलीच्या दुबळेपणातून झालाच नव्हता, त्यामागे स्पीड फोर्समधून, म्हणजे या धावपटूंना वेग देणाऱ्या ऊर्जेतून, सुटू पाहणारा सॅव्हिटार हा शत्रू होता. तंत्र हॅल जॉर्डनच्या वेळचेच आहे, आणि तत्त्वाला धरून राहायचे तर मी यालाही विरोध केला पाहिजे. तो मी करत नाही. हॅलचा अपराध त्याच्या हट्टी, निर्भय म्हणवणाऱ्या स्वभावातून आला होता आणि म्हणून तो त्याचा होता. वॉलीवरचा अपराध बाहेरून आणून चिकटवलेला होता, तो काढताना कातडे सोलले जात नाही. शिवाय ॲडम्स यांनी क्षमेचे दृश्य घाईत उरकले नाही. रॉय हार्पर हा त्या स्फोटात गेलेला मित्र वॉलीला भेटतो, आणि त्यानंतर मालिका शांतपणे घरात शिरते. नोकरी शोधणारा बाप, वाढत्या वयाची जुळी, लिंडाचे स्वतःचे प्रश्न, घराचे हप्ते. २०२३ मध्ये ८०० व्या अंकापर्यंत हे चालले. तोवर वॉली पुन्हा मुख्य फ्लॅश झालेला होता आणि बॅरीने ही जागा त्याच्याकडे आपणहून सोपवली होती.

महासंकटांची मालिका अर्थातच थांबलेली नाही आणि पुढच्या कुठल्या वेळी वॉलीच्या हातून पुन्हा काय काढून घेतले जाईल, हे कुणाच्याच हाती नाही. ज्यांना या जगात नव्याने शिरायचे आहे त्यांना बहुधा ‘क्रायसिस’पासून सुरुवात करायला सांगितले जाते. बारा अंक, शेकडो पात्रे आणि लाल आकाश पाहून पुष्कळ जण तिथेच थांबतात. मी त्यांना आधी १९९३ चे ते सहा अंक, ७४ ते ७९, वाचायला सांगतो. बॅरी कोण होता, तो कसा गेला आणि त्याचे जाणे किती मोठे होते, हे सारे त्यात वॉलीच्या तोंडून कळते. ‘क्रायसिस’चा आठवा अंक त्यानंतर उघडावा.